शनिवारचा चहा

निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या वयस्कर ज्यू मंडळींच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. शाळेत जन्मभर मीच बोलत आले, आता जरा दुसऱ्यांचं ऐकू म्हटलं. दर बुधवारी बारामतीहून एसटीनं पुण्याला जायचं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात रेकॉर्डर मांडायचा आणि दिवेलागणीला परत. एकदा तिथल्या एका आजोबांनी सहज विचारलं, "तुमच्या बारामतीत आमच्यातल्या एक बाई आहेत, त्यांना भेटलात का?" मला पत्ताच नव्हता. बघते तर त्या माझ्या भाजीवाल्याच्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. पुण्यापर्यंत धक्के खात गेल्याचा मला भारी राग आला.

पुण्यातला वार तिथली मंडळी ठरवत. इथं मी ठरवला आणि माझ्या सोयीनं शनिवारी सकाळीच जाऊन धडकले. मावशींनी, म्हणजे त्या बाईंनी, दार उघडलं. मी रेकॉर्डर काढला तशा त्या हसल्या. "आज ते यंत्र पिशवीतच राहू दे. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, बटणं दाबत नाही. बोलू मात्र पोटभर." त्यांनी शुक्रवारीच थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा मला दिला आणि दुपारपर्यंत बोलल्या. इतकं मोकळं त्या पुढं कधीच बोलल्या नाहीत. त्यातलं एक अक्षर माझ्याकडं नाही. अजून हळहळते मी.

पुढचे बुधवार त्यांचे. माहेर कोकणातलं, यजमान भवानीनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट. नव्या नवरीनं कॉलनीत पाऊल टाकलं आणि मळीच्या वासानं तीन दिवस जेवण गेलं नाही म्हणे. यजमान गेले, मुलगा इस्रायलला स्थायिक झाला, मावशी बारामतीत एकट्या राहिल्या. पण मी माहेरचं विचारलं, सणांचं विचारलं, तरी गाडी फिरून भवानीनगरलाच यायची. कारखान्याचा भोंगा, क्वार्टरमागचा शेवगा आणि शेजारची आक्का. आक्काचा नवरा गव्हाणीवर कामाला होता, जिथं मोळ्या पडतात तिथं.

"पहिल्या शनिवारी आमच्या खिडकीतून धूर निघेना," मावशी सांगत होत्या. "आक्काला वाटलं, ही मारुतीचा शनिवार धरते. ताटलीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. मी म्हटलं, उपास नाही गं, विस्तव पेटवायचा नाही एवढंच. मग म्हणाली, मी पेटवते की. आता आली का पंचाईत? आमच्यासाठी पेटव असं दुसऱ्याला सांगणंही आम्हाला बरोबर नाही. तेही तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि गेली."

पुढच्या शनिवारी आक्का सकाळी सकाळी दारात उभी. 'वैनी, मला च्या प्यायचाय.' सरळ आत शिरली, स्टो पेटवला, स्वतःसाठी म्हणून चहा टाकला. कप भरला, उरलेला दुसऱ्या कपात ओतला. 'जास्तीचा झाला. घ्या.' आणि तेव्हापासून दोघींचे नवरे निवृत्त होऊन कॉलनी सुटेपर्यंत दर शनिवारी आक्काला मावशींच्याच घरी चहाची तल्लफ यायची. दर शनिवारी तो जास्तीचाच व्हायचा. हे सांगताना मावशी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. ते रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, मी वरचेवर ऐकते.

कॉलनी सुटल्यावर आक्का डाळजला आपल्या गावी गेली. दोन्हीकडं गुडघे धरले, भेटी थांबल्या. आक्काला ऐकू कमी, त्यामुळं फोनवर नुसतं "आं? आं?" चालायचं. आता मुलगा मावशींना कायमचं न्यायला येणार होता. "तिकडंही मराठी बोलणारे पुष्कळ आहेत गं," मावशी म्हणाल्या, "पण आक्का नाही. तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय. मग मी कुठंही जायला मोकळी."

मी डाळजला गेले. आक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. रेकॉर्डर त्यांच्या कानाला लावून चहाची ती गोष्ट ऐकवली. हातातली शेंग हातातच राहिली. "वैनीचा आवाज लई बारीक झालाय," त्या म्हणाल्या. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "माझ्यानं गाडीत बसवत न्हाय. पाय दुमडत न्हायत. तिलाच घिऊन या हितं."

मावशींना न्यायचं शुक्रवारी सकाळी ठरलं, कारण रविवारी पहाटे विमान होतं. पण शुक्रवारी बँकेत पेन्शनचं काम निघालं. या खिडकीतून त्या खिडकीत करता करता दुपार गेली. घरी आलो तेव्हा दिवे लावायची वेळ होत आली होती. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या दिवेलागणीलाच सुरू होतो, मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या वाहनात बसणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "मावशी, एकच दिवस. देव समजून घेईल."

"देव घेईल गं," त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं." त्यांनी खोबरेलाचे दिवे लावले, प्रार्थनेसाठी डोळ्यांवर हात धरले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. मी जिन्यात येऊन आक्कांच्या मुलाला फोन केला, येणं होत नाही म्हणून कळवलं. बँकेवर, विमानावर, स्वतःवर, सगळ्यांवर चिडत घरी आले.

शनिवारी सकाळी निरोप घ्यायला गेले. घरभर बॅगा. मुलगा प्रार्थना करत बसलेला. मावशी थर्मास उघडून माझ्यासाठी चहा ओतणार, एवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. एकेका पायरीवर कुणीतरी थांबत होतं, सोबतच्याला ओरडत होतं, "धरू नगंस, मी चढती." मी दार उघडलं. पेरूच्या क्रेट नेणाऱ्या पिकअपमधून, ड्रायव्हरशेजारी पाय लांब सोडून आक्का आल्या होत्या. लुगड्याला पेरूंचा वास येत होता.

मावशींनी थर्मास खाली ठेवला. आक्कांनी त्यांच्याकडं एकवार नीट बघून घेतलं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "मला च्या प्यायचाय."

आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचा आवाज आला, मग गॅसचा. रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता, मी पिशवीला हात लावला नाही. आक्का दोन कप घेऊन आल्या, बशीत निम्मा सांडला होता. एक कप त्यांनी मावशींसमोर ठेवला.

"जास्तीचा झाला," त्या म्हणाल्या. "घ्या."