चौकटीवरची कुंभारीण

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कपाळावर पांढरा पट्टा असलेला, उड्या मारणारा एक कोळी राहायचा आणि सबंध श्रावण गेला तरी त्याचा एक धड फोटो मला काढता आला नाही.

मोबाइलला चिमट्यासारखं अडकवायचं एक छोटं भिंग मी मागवलं होतं. ते लावलं की कोळ्याच्या दोन बोटं अंतरावर जावं लागतं. हात जरा हलला की सगळं धूसर. हात स्थिर ठेवला तर कोळी उडी मारणार. तो थांबला तर लाइट जाणार. या सगळ्यातून एखादा क्षण जमून यायचा, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणायच्या, "काय करून राह्यली वो? दूध उतू गेलं ना!"

मी मारेगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिथल्या बरण्यांतले विंचू, नाकतोडे, गोम सगळे औषधात राहून राहून एकाच फिकट पिवळ्या रंगाचे झाले आहेत. रोज ते पुसून पुसून कंटाळा आला, म्हणून घरातले जिवंत किडे बघायला लागले. माझ्या नवऱ्याचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ते म्हणायचे, "मी दिवसभर किडे मारायचं औषध विकतो अन् तू घरी त्यायचे फोटो काढतं. जमलं आपलं." त्यांची गंमत व्हायची, माझी चिडचिड. खरा त्रास सासूबाईंचा होता. घरात कुठं जाळं दिसलं की त्या लांब झाडणी घेऊन निघायच्या. महिनाभर डोळा ठेवलेली जाळी मी प्रयोगशाळेतून येईपर्यंत झाडणीला गुंडाळलेली असायची. शेवटी भांडून मी स्वयंपाकघराची ती एक खिडकी स्वतःसाठी मागून घेतली. तिथं झाडणी न्यायची नाही, असं ठरलं.

भाद्रपदात कुंभारीण माशी आली. काळी, पिवळ्या पायांची, कंबर दोऱ्याएवढी. मोरीजवळचा ओला चिखल गोळी करून आणायची आणि आमच्या झोपायच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर, अगदी वरच्या कोपऱ्यात, थापून त्याची नळी करायची. थापताना बारीक गुणगुणल्यासारखा आवाज करायची. मी स्टुलावर चढून मोबाइल धरला की ती यायचीच नाही. स्टूल बाजूला ठेवून चहा गाळायला वळले की आवाज सुरू. मोरीकडे, मग दाराकडे, मग परत मोरीकडे अशी मी तिच्यामागं फिरत होते आणि मोबाइलमध्ये जमा होत होते ते चौकटीचे, भिंतीचे आणि माझ्या अंगठ्याचे फोटो.

एका सकाळी ती खिडकीतून आत आली तेव्हा तिच्या पायांत काहीतरी होतं. कपाळावर पांढरा पट्टा. माझा कोळी! मी पोळी तव्यावर टाकून धावले. ती त्याला घेऊन त्या चिखलाच्या नळीत शिरली, बाहेर आली, उडून गेली. मोबाइल ओट्यावरच राहिला होता. पोळी जळली ती वेगळीच.

मला माहीत होतं ती काय करते. कोळ्याला नांगी मारून लुळं करते, पण मारत नाही. प्रत्येक नळीत असे बरेच कोळी भरते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी निघते, कोळी खाते, मोठी होते आणि एक दिवस चिखल कुरतडून नवी कुंभारीण बाहेर येते. ते बाहेर येणं मला टिपायचं होतं. आता तोच एक फोटो हवा होता.

नळ्या चार झाल्या, त्यावर चिखलाचा एकच जाड लेप बसला, तेव्हा सासूबाईंची नजर तिकडे गेली. त्यांच्या हातात झाडणी होती. मी म्हणणारच होते, की आई, याला हात लावू नका. पण त्याच म्हणाल्या, "मोडू नको बरं हे. राहू दे." आणि झाडणी खाली ठेवून त्या कितीतरी वेळ वर बघत उभ्या राहिल्या.

कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडे मानतात. मला ते आठवलं आणि झाडणी खाली का गेली ते कळलं.

आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. यवतमाळ झालं, नागपूर झालं, इंजेक्शनं झाली, नवस झाले. मग एक दिवस आम्ही दोघांनी ठरवलं की आता पुरे. हे दुकानात रमले, मी बरण्यांत. सासूबाईंनीही तो विषय सोडून दिला होता. निदान मला तसं वाटत होतं.

चार-आठ दिवसांत शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. साखर घेतली, पण गेल्या नाहीत. दाराशी जाऊन वर पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "मले कळलं वो," त्या हळूच म्हणाल्या. "कुंभारीण काही उगाच येत नाही."

"काकू, चिखल जवळ आहे म्हणून येते ती," मी म्हणाले.

"असू दे, असू दे. कोनाले सांगत नाही मी."

त्यांनी सगळ्यांना सांगितलं. प्रयोगशाळेतून येताना रस्त्यावर ओळखीच्या बायका माझ्याकडे पाहून जरा जास्तच गोड हसायला लागल्या. आणि घरात सासूबाई! गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी ताटसुद्धा उचलत नाहीत. आता मी पाण्याची बादली उचलली की लगबगीनं यायच्या. "ठेव, ठेव, मी नेतो." कण्हत कण्हत बादली न्यायच्या, निम्मं पाणी सांडायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. बादलीला काय उत्तर देणार?

शेवटी एके दिवशी त्यांनी माझ्या पानात गुपचूप तुपाचा जास्तीचा चमचा वाढला आणि माझा तोल गेला.

"आई, त्या चिखलात काय आहे माहीत आहे का तुम्हाला? कोळी आहेत. जिवंत. हलता येत नाही त्यांना आणि ती अळी त्यांना हळूहळू खाते आहे. कसला पाळणा घेऊन बसलात?"

त्यांनी तुपाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे लेकरायच्या खान्याची सोय करूनच गेली ना थे?"

"आई!"

"मी तुह्याबद्दल कोनाले एक शब्द बोलली नाही. थे काकूच बोलली."

"मग बादली कायले उचलता माझ्या हातातून?"

त्या उठून गेल्या. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्टुलावर चढले. एका फटक्यात मोडून टाकायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची. टोक चिखलाला लावलंही. पण आतून निघणारी कुंभारीण मला बघायची होती. इतके दिवस पाळत ठेवून, आपला कोळी घालवून, आता हातानं सगळं संपवायचं? मी तशीच खाली उतरले. वळून पाहते तर सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मी मोडलं नाही, याचा अर्थ त्यांनी त्यांच्यासारखा लावला होता. समजावायला जावं तर आणखीनच गुंता.

घटस्थापनेच्या आधी घर रंगवायचं निघालं. पेंटरनं चौकट खरवडायला घेतली तेव्हा आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "तिथं नाही!" हे आमच्या दोघींकडे बघतच राहिले. तेवढा कोपरा तसाच सोडून बाकी चौकट रंगवली. एकाच गोष्टीसाठी दोघी भांडत होतो आणि एकमेकींचं एक अक्षर पटत नव्हतं.

नंतर आतून बारीक करकर ऐकू यायला लागली. मी जुना मोबाइल स्टँडवर बांधला, भिंग लावलं, एका नळीच्या तोंडावर फोकस जमवला. नेमकी तेव्हाच प्रात्यक्षिक परीक्षा लागली. रजा मागितली, मिळाली नाही. कारण काय सांगणार? घरी कुंभारीण निघणार आहे?

नाइलाजानं सासूबाईंना शिकवलं. "आई, इथं भोक पडलेलं दिसलं की हे लाल बटन दाबायचं. बस. मोबाइलला दुसरीकडे कुठंच हात लावायचा नाही. हलवायचा नाही."

"मले काय लहान समजतं का? दाबतो ना."

संध्याकाळी घरी आले तर त्या अंगणातच उभ्या. "निघाली! म्या पूरं पाह्यलं. बटन दाबलं बरं का मी!"

मी चप्पल न काढताच आत धावले. चौकटीवर गोल भोक होतं. मोबाइल मात्र स्टँडवर नव्हता, पलंगावर होता. मी व्हिडिओ लावला. सुरुवातीला क्षणभर चिखल दिसला, त्यात हलणारी दोन काळी टोकं. मग सगळं हललं आणि पडदा लालसर काळा झाला. पुढं शेवटपर्यंत तोच अंधार.

"आई, मोबाइल काढलात कशाला तिथून?"

"अवं, थे लहान दिसत होती, मनून जवळून धरला."

"तुमचं बोट होतं भिंगावर! सगळं बोटच आलंय! किती दिवस थांबले होते मी याच्यासाठी, माहीत आहे तुम्हाला? एक काम सांगितलं होतं, एक!"

त्यांचा चेहरा पडला. "मले काय मालूम," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

मी रागानं व्हिडिओ पुसून टाकायला निघाले, पण आवाज चालू होता. अंधारातून सासूबाई बोलत होत्या. "हां, ये. ये माय. जोर लाव. थांब, दम घे जरा. असं. पाय काढ आता. भेऊ नको, कोनी मारत नाही तुले. झाडनी नाही माह्या हातात, पाह्य." मध्ये बराच वेळ नुसता श्वास. मग, "इतक्या वर्सात या घरात तूच आली वो बाई. बरं केलं. आता जाय. खिडकी उघडीच हाय." त्यानंतर खिडकीचं दार आणखी उघडल्याचा आवाज आणि पंखांची एक लहानशी गुणगुण.

मी पलंगावर बसून राहिले. राग तर गेला नव्हता. फोटो गेला तो गेलाच होता, आणि माझ्या जागी उभं राहून ते सगळं त्यांनी पाहिलं होतं, मी नाही. पण आता ओसरीवर जाऊन भांडायचं तर कशावरून, तेही सुचेना. हे आल्यावर म्हणाले, "जेवायचं काय?" त्यांच्यावरच डाफरले.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या, या वेळी विरजण मागायला. विरजणाची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "काय वो, काही खबर?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "हो तं. झाली ना काल. पोरगी झाली."

काकूंची वाटी हातातच राहिली.

"काळी हाय. कंबर हे एवढीशी. पाय पिवळे," सासूबाई अगदी शांतपणे सांगत होत्या. "झाल्या झाल्या खिडकीतून उडून गेली. अजून तीन बाकी हायेत. निघाल्या का तुले बोलावतो. तवरक या घरी कोनाच्या पोटाकडे पाह्याचं नाही."

काकू विरजण घेऊन निघून गेल्या. सासूबाई लसूण सोलायला बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी समोर बसून निम्म्या पाकळ्या माझ्याकडे ओढल्या.

उरलेल्या तीनपैकी दोन नळ्यांना मी प्रयोगशाळेत असतानाच भोकं पडली. तेव्हा सासूबाई देवळात गेल्या होत्या, त्यामुळे पाहायला कोणीच नव्हतं. शेवटची अजून बंद आहे. त्यातून आता काही निघेल असं वाटत नाही, पण मोबाइल स्टँडवर आहे, चारही बाजूंनी सुतळीनं आवळून बांधलेला. सासूबाई रोज विचारतात, "सोडू का वो जरा? जवळून पाह्यतो." मी रोज नाही म्हणते, आणि दिवसातून एकदा तरी त्या गाठी कोणीतरी सैल करून ठेवलेल्या सापडतात.