दोन नावं, एक कार्ड

पाचवा महिना लागला तेव्हा आम्ही दोघं रहाटणीत एका खोलीत भाड्यानं राहत होतो. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच्यामागे ना कंपनी होती ना विमा. मी चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होते. परभणीकडून येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. दुखलंखुपलं तर मेडिकलवाल्याला विचारून गोळी घ्यायची, याच्या पलीकडे आमचा डॉक्टरशी संबंध नव्हता.

पण आदल्या वर्षी माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे या वेळी नवरा फार धास्तावला होता. त्यानं पिंपळे सौदागरच्या एका विमा एजंटला घरी आणलं. माणूस सरळ होता. चहा घेतला, कागद पसरले, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कितवा महिना?"

मी सांगितलं. त्यानं कागद परत गोळा केले.

"भाऊ, खोटं बोलणार नाही. पॉलिसी देतो, पण बाळंतपणाला दोन वर्षं थांबावं लागतं. हे बाळ त्यात बसायचं नाही."

मग कुणी म्हणालं, सरकारी योजनेत बघा. आमचं रेशनकार्ड गावी, सासऱ्यांच्या नावावर. शिवाय त्या योजनेच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की तिथं मोठमोठी ऑपरेशनं होतात, साधं बाळंतपण बसत नाही.

वाट दाखवली ती माझ्याच लाइनवरच्या एका बाईनं. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, कोकणातली. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसली होती. मी सगळं सांगितल्यावर म्हणाली, "तुझ्या पगारातून दर महिन्याला कामगार विमा कापतात ना गं? मग कार्ड कुठाय?"

पावतीवर ती ओळ मी दर महिन्याला बघत होते. मला वाटायचं, कापतात तसं कापतात. तो आपला दवाखाना आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ठेकेदाराच्या माणसाकडून माझा विम्याचा नंबर मिळवला आणि सुट्टीच्या वारी निघाले. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन गेली, पोरं कंपनीत लागली. मी कुठं निघाले ते ऐकून त्यांनी चपला घातल्या. "पोटुशी बाई एकटी लायनीत हुबी ऱ्हाणार व्हय? न्हाई जमायचं. म्या येते."

विमा दवाखान्यातल्या कारकुनानं नंबर टाकला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. "तपासणी आजपासूनच करून घ्या. पण बाळंतपणाच्या भरपगारी रजेला ठरावीक काळात सत्तर दिवस भरलेले लागतात. तुमचे कमी पडतात. आधी कुठं होता?"

"तिथंच. त्याच टेबलावर."

"मग?"

मग मला आठवलं. मधे आम्हा सगळ्यांना महिनाभर ब्रेक दिला होता आणि परत घेतलं ते दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. पहिल्या वेळी माझं आधार माहेरच्या नावाचं होतं, दुसऱ्या वेळी सासरच्या. विम्याच्या लेखी आम्ही दोघी होतो, आणि दोघींचेही दिवस अपुरे.

मला रडू आलं. काकू पुढे झाल्या आणि खिडकीत वाकल्या. "सायेब, बाई एकच हाय. दोन नावं तुमी लोकांनी लावली. आता ती एक कशी करायची, तेवढं सांगा."

कारकून हसला नाही. त्यानं एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: जुन्या पगाराच्या पावत्या, लग्नाचा दाखला, दोन्ही नंबर, आणि शाखा कार्यालयात अर्ज. "होतं, ताई. वेळ लागतो, पण होतं."

जुना ठेकेदार कासारवाडीला स्टेशनजवळ एका गाळ्यात बसायचा. तिथली हिशेब बघणारी मुलगी पावत्या काढून देताना म्हणाली, "हे कुणी मागायलाच येत नाही." तिनं माझ्यासाठी प्रती काढल्या, शिक्का मारला आणि मी न मागता हजेरीचा कागदही जोडला. शाखा कार्यालयात तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला माझे दोन्ही नंबर एक झाले.

तपासण्या तोवर चालूच होत्या, आणि ते बरं झालं. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, परत बांधला, आणि ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून तिथूनच मला मोठ्या विमा रुग्णालयात पाठवलं. मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. तपासणीला गेले नसते, तर पुढे डोकं दुखलं असतं तरी गोळी घेऊन कामावर गेले असते. पुढचे दोन महिने दर आठवड्याला तपासणी, आणि शेवटी ऑपरेशन करून मुलगी झाली. वजनाला थोडी कमी, आवाजाला भरपूर. नवऱ्यानं तिला घेतलं ते दोन्ही हातांवर, काचेची बरणी धरावी तसं. कुणी मागे सरकायला सांगेपर्यंत तो दारातच उभा होता.

रजेचे पैसे खात्यावर आले त्या दुपारी मुलगी मांडीवर झोपली होती. मी घरी बसलेय आणि माझा पगार चालू आहे, असं आमच्या घरात आजवर कुठल्या बाईच्या बाबतीत झालं नव्हतं. आईला फोन करून सांगितलं, तर ती दोनदा म्हणाली, "परत सांग."

सहा महिन्यांनी कामावर गेले तर माझं टेबल दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं. मला वेगळ्या लाइनवर टाकलं. वाईट वाटलं, पण नवीन लाइनवर बायका जास्त होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, की तुमचा विमा नंबर कुठल्या नावावर आहे? वीस जणींत चौघींनाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पगाराच्या पावत्या घेऊन आल्या. डबे बाजूला सरकवून आम्ही एकेकीचं नाव वाचायला लागलो.