उजवी गिरकी

कॅम्पला पाठवावं का, असं कोणी विचारलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. विचारणाऱ्या बायांचा त्यात काही दोष नसतो. परीक्षा संपत आलेल्या असतात, पुण्याच्या स्केटिंग कॅम्पचं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं आणि माझी मुलगी तिथे जाऊन आलेली आहे हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी कधी म्हणते, अवश्य पाठवा. कधी म्हणते, अजिबात पाठवू नका. परवा तर एकाच बाईला एकाच बोलण्यात दोन्ही सांगून मोकळी झाले, आणि ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

फिगर स्केटिंग हे खरं बर्फावरचं प्रकरण. जळगावात बर्फ बघायचा तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. आमच्या मुली तेच सगळं चाकांच्या बुटांवर करतात. गाण्यावर सरकायचं, एका पायावर तोल धरायचा, गिरक्या घ्यायच्या, आणि उडी मारून हवेत पूर्ण फिरून एका पायावर उतरायचं. माझ्या मुलीला बाराव्या वर्षी ती उडी अशी काही जमली होती की फिरायला निघालेले म्हातारे काठी टेकून उभे राहायचे. उतरली की ती आपली आपणच हसायची. कोणी बघतंय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. ते हसू बघायला मी रोज पहाटे डोळे चोळत तिच्यामागे जायचे. मग चटईच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसात दिवसभर जांभया.

आमचा क्लास भरायचा कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, दत्तमंदिराभोवतीच्या फरशीवर. तेवढी गुळगुळीत आणि रुंद जागा दुसरीकडे नव्हती. सर शिकवायला लागले तेव्हा मंदिराच्या कमिटीतल्या काहींनी नाकं मुरडली, चाकाचे बूट म्हणजे चपलाच की. शेवटी कमिटीतल्या एका नानांनी तोडगा काढला. ते मूळचे धुळ्याकडचे. म्हणाले, "खेळू द्या पोरेस्ले. पन फेरी उलटी नको. देव उजवा हातलेच पायजे."

झालं. प्रदक्षिणा जशी घालतात तशीच आमची पोरं स्केटिंग करू लागली, देव उजव्या हाताला ठेवून. फेऱ्या उजवीकडे, म्हणून वळणं उजवीकडे, म्हणून गिरक्या उजवीकडे आणि उड्याही उजवीकडेच. सर स्वतः शर्यतीतले. गिरक्या-उड्या ते मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकले आणि शिकवले. त्या व्हिडिओतल्या बहुतेक मुली डावीकडे फिरताना दिसायच्या. कोणीतरी ते सरांच्या लक्षात आणून दिलं, तर सर म्हणाले, सेल्फीत नाही का शर्टाचा खिसा दुसऱ्या बाजूला जातो, तसंच ते. आम्हा सगळ्या आयाबापांना ते इतकं पटलं की पुढची चार वर्षं कोणी तोंडातून ब्र काढला नाही. आमच्यात दोन इंजिनिअर होते.

मग पुण्याचा कॅम्प. मुलगी महिनाभर आधीपासून बॅग भरत होती. जूनमध्ये धुळ्याला निवड होती, त्यातून राज्याच्या स्पर्धेसाठी मुली घेणार होते, आणि तिची उडी ऐन गाण्याच्या मध्यावर बसवलेली होती. कॅम्पला जाऊन ती उडी आणखी झकास होईल, असं आम्हाला वाटलं होतं. मी रजा काढून तिच्यासोबत गेले.

पहिल्या सकाळी हॉलमध्ये सगळ्या मुली फेऱ्या मारायला सुटल्या. लाकडी जमीन, वर मोठमोठे पंखे, आम्ही पालक जाळीमागे. सगळ्या डावीकडे वळत चाललेल्या, आणि समोरून आमची एकटी, उजवीकडे वळत, मान ताठ करून. मी उठून ओरडेपर्यंत ती एका छोट्या मुलीवर आदळली. त्या मुलीचा ओठ फुटला. तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ट्रॅक्टर घालून आले होते.

शिकवणाऱ्या ताई आमच्याकडे आल्या. बोलणं गोड, चूक मात्र सोडायच्या नाहीत.

"डावखुरी आहे का ही?"

"नाही."

"मग हिला उजवीकडे फिरायला कोणी शिकवलं?"

मी म्हणाले, "दत्ताने."

त्या हसल्या नाहीत. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हाही हसल्या नाहीत. म्हणाल्या, उजवीकडे फिरणाऱ्याही मुली असतात, त्यात वाईट काही नाही, पण ज्याची त्याची एक जन्माची बाजू असते. हिला जागेने एका बाजूला ढकललंय. आत्ता बदललं तर बदलेल, पुढे जड जाईल. मुलीला न विचारताच मी मान हलवली. मुलीनेही हलवली. ताईंसमोर कोण नाही म्हणणार?

त्या कॅम्पने तिला पुष्कळ दिलं, हे मला कबूल करावंच लागेल. पडायचं कसं हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे पडणं म्हणजे रडणं आणि हळद. तिथे मनगट वाचवून, कुशीवर, हसत पडायला शिकवलं. बूट कसा घट्ट बांधायचा, पाऊल कसं आतल्या-बाहेरच्या कडेवर टाकायचं, हे सगळं. तिचं सरकणं इतकं देखणं झालं की मला गलबलून यायचं. फक्त उडी डावीकडे होत नव्हती. अर्ध्यात पाय जमिनीला लागायचा. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होता. त्याआधी मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, आपली जुनी मारून टाक. तिने उजवीकडे घ्यायला खांदा वळवला, तो मध्येच थांबला, आणि ती जागच्या जागी बसली. पडलीसुद्धा नाही, बसली. सर्टिफिकेट घेताना ती व्यवस्थित हसली, ते फोटोसाठीचं हसू होतं. मी ते ओळखलं.

जळगावला परत आल्यावर सर चिडले. म्हणाले, चार वर्षांची माझी मेहनत चार दिवसांत पुसली. फोनवर ताई म्हणाल्या, धीर धरा, डावीकडेच करू द्या. दत्तमंदिराभोवती डावीकडे फिरायची सोय नव्हती, म्हणून नवरा तिला त्याच्या मित्राच्या बंद गोदामात घेऊन जाऊ लागला. म्हणजे सकाळी सरांकडे उजवी बाजू, संध्याकाळी गोदामात डावी. जेवताना मी विचारायचे, आज कशी झाली? ती म्हणायची, झाली. एवढंच. पूर्वी तिची टकळी बंद करायला मला रागवावं लागायचं.

धुळ्याच्या निवडीला माझे सासरे, आबा, पारोळ्याहून आले, वाटेत आमच्या गाडीत बसून. नातीचं स्केटिंग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हॉलमध्ये ते पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून बसले. गाणं सुरू झालं. ती अशी सरकली की शेजारच्या बाईने मला कोपर मारून विचारलं, कुठे शिकते हो? माझी छाती फुगली. मग उडीची जागा आली. तिने दोन्ही हात वर केले, गुडघा वाकवला, आणि ती जागा तशीच ओलांडून पुढे गेली. गाण्याचा तो ठोका रिकामाच पडला. पुढचं तिने सगळं नीट केलं आणि वाकून नमस्कार केला. निवडलेल्या मुलींची नावं वाचली, त्यात ती नव्हती.

बाहेर आवारात ती पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाले, "उलटा फेरा मारा ना, म्हनीसन व्हयनं हाई."

गोदामातल्या डाव्या फेऱ्यांचं त्यांनी गाडीत ऐकलं होतं, आणि उलटा फेरा मारला म्हणूनच हे झालं, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. "आबा, देवाला मध्ये आणू नका! त्या मंदिरापायीच हे सगळं झालं." लोक बघायला लागले. आबा टोपी घालू लागले. मला लाज वाटली, पण राग काही उतरेना. सरांचा, ताईंचा, नानांचा, स्वतःचा, कोणाकोणाचा आला होता ते मलाच कळत नव्हतं.

"मम्मी, ओरडू नको," मुलगी खाली बघत म्हणाली. "कोणामुळे नाही झालं. आधी मी नुसती उडायचे. आता उडायच्या आधी मनात येतं, कोणत्या बाजूने? तेवढ्यात गाणं पुढे निघून जातं."

मग तिने मान वर केली. "माझी खरी बाजू कोणती, तुला तरी माहीत आहे का?"

बारा वर्षांच्या पोरीची मी आई. तिला कोणती भाजी चालते, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं मला ठाऊक. हे मला ठाऊक नव्हतं. मी नाही म्हणाले.

तिने सोडलेल्या नाड्या पुन्हा आवळल्या. हॉलच्या मागे गाड्या लावायला सिमेंटची मोकळी जागा होती, तिकडे ती निघाली. आम्ही मागोमाग गेलो, तर थांबली.

"तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत वळायचं नाही. कोणीच बघायचं नाही."

आबा आणि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मागे चाकांची घरघर सुरू झाली, लांब गेली, जवळ आली. मग आपटल्याचा आवाज. पुन्हा घरघर. पुन्हा आपटली. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, की मी त्यांचं, आठवत नाही.

नंतर चाकं एकदम गप्प झाली, आणि एकच पाऊल टेकल्याचा आवाज आला. मी कान देऊन वाट पाहत राहिले. तिने हाक मारली नाही. चाकं पुन्हा सुरू झाली, आणि आम्ही तसेच भिंतीकडे बघत उभे होतो.