सरजाबाईच्या घरातला धडा

लातुरात शिकवणीचे वर्ग गल्लोगल्ली उगवले, तेव्हा त्यातल्याच एका वर्गाच्या संगणक खोलीत रूपाली कामाला लागली. पोरांच्या मोबाइलवर दिसणारे धडे तिच्या हाताखालून जायचे. पण मोबाइलवर दिसतो तो शिजलेला भात. त्यात काही बदलायचं तर तांदूळ लागतो, म्हणजे मूळ फाइल. आणि त्या फायली रचून ठेवणारा केरबा वर्षापूर्वीच वारला होता.

भूकंपाच्या धड्यात पडद्यावरचा एक आकडा चुकल्याचं कुण्या पालकानं कळवलं. धडा आनंदराज सरांचा, आणि घशाच्या ऑपरेशननंतर सरांचा आवाज कायमचा गेलेला. वर्गाचे मालक अमृतराव यांनी स्वच्छ सांगितलं, शनिवारपर्यंत मूळ फाइल मिळाली नाही तर धडा काढून टाकायचा आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचा.  किल्लारीच्या भूकंपात आई गेली, तेव्हा रूपाली आठ वर्षांची होती. महिनाभर मुकी झालेल्या त्या पोरीला पत्र्याच्या शाळेत याच आवाजानं पुन्हा बोलतं केलं होतं.

केरबा तिच्याच गावचा, पण तऱ्हेवाईक माणूस. दोनशे फोल्डर, अन् एकावरही धड्याचं नाव नाही. शिवप्पाचं दुकान, नीलाबाईचं घर, व्यंकटीचा गोठा. संगणक इतका म्हातारा की एकेक उघडायला अर्धा तास. घरं ओळखीची, म्हणून रूपालीनं पुनर्वसनातल्या गावाच्या ओळी धरून मोजली. धडा एकतिसावा; एकतिसावं घर उघडलं, तर आत बेडकाचं हृदय. शुक्रवार असाच गेला.

शनिवारी दुपारी यादीवरून फिरणारं तिचं बोट एका नावावर थबकलं. सरजाबाईचं घर. म्हणजे तिच्या आईचं. आई तर नव्या गावात राहायला कधी आलीच नव्हती. केरबानं जुनं गाव मांडून ठेवलं होतं, जिथं आता नुसती बाभळ माजली आहे.

तिनं डोळे मिटले. केरबाचं घर आडाला लागून होतं, म्हणून आडापासूनच निघाली. पायाखाली मऊ माती आली. शिवप्पाच्या दुकानातून गुळाचा वास आला, नीलाबाईच्या ओट्यावर शेवया वाळत होत्या. कुणी हाक मारली नाही, तरी सगळे घरात असल्यासारखे वाटत होते. मोजत मोजत ती अशा बोळात शिरली, जिथं मनानंसुद्धा जायचं तिनं सव्वीस वर्षं टाळलं होतं. तीस. पुढचं दार त्यांचंच होतं. थोडा वेळ ती नुसती उंबऱ्याशी उभी राहिली.

मग फोल्डर उघडलं. आत भूकंपाचाच धडा होता, आणि सुरुवातीला मोबाइलवर टाकताना केरबानं कापलेला एक तुकडा. सर खाकरले.

"थांब केरबा. रूपाली भाईर बसली हाय. आधी दार लाव."

पावलं वाजली, कडी लागली, मग धडा सुरू झाला.

तो दिवस रूपालीला लख्ख आठवला. तोंडावर दार लावलं म्हणून ती दोघांवर आठवडाभर रुसली होती, आणि हा धडा तेवढा तिनं कधीच ऐकला नव्हता.

तिनं आकडा दुरुस्त करून धडा पाठवून दिला. मग उठून खोलीचं दार सताड उघडलं आणि सरांचा धडा पहिल्यापासून लावला.