बागबाजारची परवानाधारक बर्गी

माझं डावं मनगट वाकडं आहे. आजी पडली होती, असं नातीला घरच्यांनी सांगून ठेवलंय. पडते कुठली? मारामारी केली होती.

यांची नोकरी संपली तरी आम्ही कोलकात्यातच राहिलो. पन्नाशी उलटल्यावर मी बागबाजारात घरं दाखवायचं दुकान काढलं. राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाने दलालांना नोंदणी सक्तीची केली, तेव्हा आमच्या गल्लीतला पहिला परवाना मी आणला आणि भिंतीवर टांगला. नियमच आहे तसा. पण येईल त्या गिऱ्हाइकाला समोरच्या चहाच्या बाकावरचा दलाल दाखवून ‘याच्याकडे परवाना नाही बरं का’ असं सांगत सुटायचा नियम नव्हता. ते शहाणपण माझं. सरकारी शिक्का म्हणजे चिलखत, अशी त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, समजूत.

एका दुपारी तो दलाल सळई घेऊन आत शिरला. आधी दाराची काच फोडली, मग परवान्याची चौकट. मी मध्ये पडले, वर ‘हा सरकारी कागद आहे’ म्हणून त्याला बजावलंही. सळई मनगटावर बसली. आपलंच हाड मोडलं की त्याचा आवाज कानाच्या आत होतो. त्याने केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं.

“बर्गी कुठली! पुन्हा लुटायला आलीस?”

बर्गी म्हणजे एके काळी बंगाल लुटणारे मराठे घोडेस्वार. इथे अजून त्यांच्या नावाने पोरं झोपवतात. माझ्या हाताला रिकाम्या फ्लॅटांच्या चाव्यांचा जुडगा लागला. तो फिरवला. पहिल्या फटक्यात त्याची भुवई फाटली, दुसऱ्यात दात पडले. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी हाणला.

त्याने माझ्यावर फिर्याद केली, मी त्याच्यावर. पुढे परवान्याचं नूतनीकरण आलं. अर्जात प्रश्न होता, फौजदारी खटला चालू आहे का? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, खरं लिहा, पुढचं साहेब ठरवतील. परवाना गेला की दुकान बंद, आणि मी दिवसभर घरात, यांच्या निवृत्तीला सोबत.

रांगेत मागे तो उभा होता, नवा अर्ज घेऊन. बिल्डर आता बिनपरवाना दलालाला दारात उभं करत नव्हते. त्याच्याही अर्जात तोच प्रश्न.

“बौदी,” तो वहिनीला म्हणावं तसं हळूच म्हणाला, “तुम्ही तुमची फिर्याद मागे घ्या, मी माझी घेतो.”

“काच भरून दे आधी.”

“आणि माझे दात?”

“सळई तू घरून आणलीस. मी दुकानातल्याच वस्तूने मारलं.”

तो हसला. फार वाईट दिसला.

वकिलांनी कागदावर सगळं पुरेसं सौम्य केलं आणि आम्ही कोर्टात शेजारी शेजारी उभे राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर मिटवत नाही ना? दोघं एकदमच नाही म्हणालो. दबाव सरकारचाच होता, पण सरकारच्याच कोर्टात ते सांगायचं कसं?