तीस माळा म्हणजे एक युनिट

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत दोऱ्याच्या दुकानात उभी होते, हातात मोरपंखी रंगाची दोन रिळं. ह्यांनी एवढंच सांगितलं, "आई गेली गं… ओसरीत बसल्या जागीच." पुढं कुठली एसटी धरली, इंदापूरला कशी उतरले, काही म्हणता काही आठवत नाही. आठवतं ते बावड्याच्या आमच्या घरात पाऊल टाकल्यावर दिसलेलं. माणसांनी घर भरलं होतं. ऐन दुपारी घरातला एकूण एक दिवा लागलेला, चारही पंखे गरागरा फिरत होते, आणि ओसरीच्या भिंतीवर मीटरचा लाल दिवा नुसता लुकलुकत सुटला होता. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं की आत्या आत्ता उठतील आणि ओरडतील, "अगं, कुणी लावलंय हे समदं? मीटरला धाप लागली की!" मग मात्र मी जी खाली बसले ती बसलेच.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पाढे तिसापर्यंत तोंडपाठ, आणि स्वभाव असा की एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय घास गिळायचा नाही. आमचा जुना मीटर होता त्यात एक चकती फिरायची. जाता-येता त्या तिच्याकडं बघून सांगायच्या, "आज निवांत हाय" किंवा "आज पळतीया." तो मीटर काढून नवा बसवायला माणूस आला, तर चकतीच नाही! नुसता एक लाल दिवा, मधूनच लुकलुकणारा. आत्यांनी त्या माणसाला चहा दिला आणि बशी हातात यायच्या आत विचारलं, "ह्यो दिवा कशापायी लुकलुकतुया?" तो म्हणाला, "आजी, हा बत्तीसशे वेळा लुकलुकला की तुमचं एक युनिट झालं. बघा, वरच लिहिलंय." झालं. त्या दिवसापासून त्या लाल दिव्यानं आत्यांना झपाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आत्या ओसरीत तेलाचा रिकामा डबा पालथा घालून मीटरपुढं बसलेल्या, हातात तुळशीची जपमाळ. दिवा लुकलुकला की एक मणी पुढं. मला म्हणाल्या, "मोबाईल काढ. बत्तीसशेला एकशे आठनं भाग." मी भागून सांगितलं, एकोणतीस आणि वर काहीतरी. "तीस धर," त्या म्हणाल्या. "देवाला जरा जास्त गेलं तर बिघडत न्हाय. तीस माळा म्हंजी एक युनिट." मग काय, घरातली एकेक वस्तू चालू करून बाकीचं सगळं बंद करायचं, आणि माळ घेऊन बसायचं. पंख्याची एक माळ व्हायला जवळजवळ अर्धा तास लागायचा. ओसरीतल्या जुन्या ट्यूबची चाळीस मिनिटांत व्हायची, आणि त्या जागी एलईडीचा बल्ब लावला तर आत्या अडीच-तीन तास बसल्या तरी माळ काही पुरी होईना! शेवटी कंटाळून उठल्या, पण खूश होऊन. पाणी तापवायचा गिझर लावला तेव्हा तर मणी बोटातनं निसटायला लागले. "ह्यो राक्षस हाय," असं जाहीर करून त्यांनी ह्यांच्याकडून गच्चीवर काळ्या पाइपाचं वेटोळं घालून घेतलं आणि उन्हानं तापलेल्या पाण्यावर स्वतःची आंघोळ दुपारी बारावर नेली. शेजारच्या सुमनकाकू सगळ्या आळीत सांगत सुटल्या, आत्यांचा जप किती वाढलाय, तासन्‌तास हलत नाहीत!

एकदा तर कमालच झाली. घरातलं सगळं बंद होतं, फ्रिजचासुद्धा प्लग काढलेला. तरी दोन-दोन मिनिटांनी दिवा लुकलुकायचाच. आत्यांची झोप उडाली. कोण खातंय? तीन दिवस त्या भिंतीला हात लावत, बोर्ड हुंगत घरभर हिंडत होत्या. गोठ्याकडं जाणारी वायर ह्यांना उकरायला लावली. चौथ्या दिवशी मी शिवणाच्या मशीनवर होते तर आतून आरोळी, "घावला गं घावला, चोर घावला!" जाऊन बघते तर टीव्हीखालचा सेटटॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला तरी आतून जागाच असतो तो, भिंतीवरचं बटण दाबल्याशिवाय झोपत नाही. आत्या त्याच्यावर हात ठेवून मला दाखवत होत्या, "बग, गरम लागतंय. जी वस्तू बंद असून गरम लागंल ती चोर." तेव्हापासून मी कुठंही पाहुणी गेले तरी माझा हात टीव्हीखाली जातो.

आता माझं सांगते. मला हे सगळं आवडायचं असं नाही. माझं तोंड तिखट आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडं ठाऊक आहे. सासू मीटरपुढं बसून मोजते म्हटल्यावर सुनेला काय वाटणार? मला वाटायचं, हा सगळा रोख माझ्या फ्रिजवर आहे. तो फ्रिज माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. गडद लाल रंगाचा, दारावर एक पोचा. तो टेम्पोतून उतरवताना पडलेला, आणि तो पडला म्हणून वडील त्या दिवशी जेवले नव्हते. पुढं दोन वर्षांत ते गेले. माहेरची जागा विकली, त्यांचं म्हणावं असं माझ्याकडं तेवढंच उरलं. फ्रिज म्हातारा झालेला, चालू झाला की घरघर करायचा, हे मला दिसत नव्हतं थोडंच! पण आत्यांच्या हातात माळ दिसली की मी मनात म्हणायचे, आज ना उद्या ह्या म्हणणार, सूनबाई, हा भंगारात घाला.

त्यात आत्यांनी शंभराचा नेम धरला. महिन्याला शंभर युनिटांच्या वर गेलं की वरच्या युनिटांना दर चढतो, हे त्यांनी बिलाच्या मागचं बारीक अक्षर ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेऊन पक्कं केलं होतं. "शंभर म्हंजी मेरुमणी," त्या म्हणायच्या. "जपात मेरुमणी वलांडायचा नसतो. तितनं फिरून मागं यायचं." इस्त्री रोज दोन कपड्यांना नाही, आठवड्यातून एकदा, सगळ्यांची एकदम. पंख्याची पाती पुसायची. दूध निवल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं. हे सगळं मी तोंड वाकडं करून केलं. पण उन्हाळ्यात फ्रिज जास्त चालतो, आकडा शंभराकडं पळायला लागला, आणि आत्यांनी आपला दुपारचा टेबलफॅन बंद करून कपाटावर टाकला. "मला वाऱ्यानं सांधं धरत्यात," म्हणाल्या, आणि पुठ्ठ्यानं वारा घेत पडल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "फ्रिजवर डोळा आहे ना तुमचा? मग सरळ बोला की! सगळं मोजलंत, एवढा फ्रिजच कसा नाही मोजला?"

आत्या पुठ्ठा हलवायच्या थांबल्या. "फ्रिज मोजताच येत न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "चालतो, थांबतो, फिरून चालतो… मणी कसा वढायचा?" आणि कुशीवर वळल्या. मला ते पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचं होतं.

त्या गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. गेल्या आठवड्यात रफीकभाई भेटायला आले. इंदापुरात त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. "उशीर झाला वहिनी, गावाला नव्हतो," म्हणून ओसरीत बसले आणि मीटरकडं बघून हसले. "आत्यांनी मला एकदा लै अवघड हिशेब घातला होता. नवा फ्रिज घेतला तर दिवसाला किती माळा वाचतील म्हणून! मला माळांचं काय कळतंय? मी म्हटलं, फ्रिजचं निम्मं लाईट वाचंल, जुना मी नेतो भंगारात. तर मलाच रागवल्या. म्हणाल्या, 'भंगार म्हणू नगंस. तिच्या बापानं दिल्याला हाय त्यो. त्याच्या माळा मी मोजल्यात, दुसरीकडनं भागवती मी. तू निस्तं दाराचं रबर बदल. आन् तिला बोलू नगंस, उगं जिवाला लावून घ्यायची.' तुमी त्या दिवशी बारामतीला गेला होता."

मला तो दिवस आठवला. संध्याकाळी घरी आले तर फ्रिजचं दार कसं घट्ट, खटकन लागत होतं. मी विचारलं तर आत्या म्हणाल्या, "पुसून काढलं चांगलं." आणि पाठोपाठ कपाटावरचा तो टेबलफॅन आठवला… मला लाज वाटली. रफीकभाईंपुढं पदर तोंडाला लावून मी रडले. आत्या गेल्या त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

काल दुपारी हे शेतात गेल्यावर मी घरातलं सगळं बंद केलं, सेटटॉप बॉक्ससुद्धा भिंतीवरच्या बटणानं. फ्रिज तेवढा चालू. जपमाळ मीटरशेजारच्या खिळ्यावरच होती, कुणी हलवली नाही. तेलाचा डबा आत्यांच्या वजनानं मधे खोलगट झालाय, त्यावर बसले. आतून फ्रिजची घरघर सुरू झाली तसा लाल दिवा लुकलुकायला लागला. पहिल्या खेपेला मणी चुकले. दुसऱ्या खेपेला फ्रिज मधेच थांबला, दिवाही थांबला, मी बोट मण्यावर तसंच धरून बसून राहिले. घरघर परत सुरू झाली, आणि चालला तेवढाच वेळ धरून मी माळ पुरी केली. मेरुमणी बोटाला लागल्यावर घड्याळ बघितलं.

मोजता येतो, आत्या. नऊ मिनिटांत एक माळ होते.