बारावी खिडकी

पडद्यांच्या त्या दुकानात मी मापं कधीच लिहून ठेवली नाहीत. हा काही विसराळूपणा नव्हता, चांगला ठरवून केलेला लबाडपणा होता.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेल्या साहेबांचे ट्रक शंकर नगरात रोज रिकामे होत. घर कसंही मिळो, बाईसाहेबांना आधी पडदे हवे असत. समोरच्या बंगल्यातही नवेच लोक, आणि कोण कोणाचा साहेब हे अजून कोणालाच नीट कळलेलं नव्हतं. आमचं दुकान लहान. मालक, शिवणारे मास्टर आणि मी. घरोघरी जाऊन खिडक्या मोजायचं काम माझं.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि आईला घेऊन नागपूरला भावाकडे राहायला गेले. मलाही चल म्हणाले. पस्तिशीची बिनलग्नाची बहीण भावाच्या दोन खोल्यांत कुठे मावणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. मी म्हटलं, "दुकान माझ्याशिवाय चालत नाही." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग समता कॉलनीत माडीवरची एक खोली घेतली आणि ते वाक्य खरं करून दाखवायच्या मागे लागले.

सकाळी मालकाच्या आधी मी दुकानात. दिवाळीलासुद्धा नागपूरला गेले नाही. कोणाच्या हॉलमध्ये ऊन कुठून येतं, कोणाच्या दाराची चौकट डावीकडून अर्धा इंच खाली बसलीय, सगळं मला पाठ. मास्टर गोंदियाकडचे. ते वैतागत.

"ताई, तुम्ही वहीत काहून नाही लिहून ठेवत? तुम्ही नसल्या त मी कोणाले विचारू?"

"मले पाठ आहे ना सगळं," मी म्हणायची. "अन मी नसायचा सवालच कुठं आहे?"

वहीतलं कोणीही वाचू शकतं. डोक्यातलं हवं असेल तर मलाच बोलवावं लागतं. इतका साधा हिशेब होता माझा.

मग कावीळ झाली. तेलीबांध्याच्या एका मोठ्या बंगल्यातल्या अकरा खिडक्या मोजून आले आणि दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. घरी मी कळवलं नाही. कळवलं असतं तर आई आली असती आणि मला घेऊनच गेली असती.

तिसऱ्या दिवशी खालून छत्तीसगढी घरमालकिणीने लेकीला मारावी तशी हाक मारली, "नोनी, तोर फोन आय हे!" मालक होते. "तबीयत कैसी है?" असं विचारून मग हळूच म्हणाले, "वो तेलीबांधा वाला नाप..."

अकरा खिडक्या सांगायला पाच मिनिटं पुरली असती. मी एकच सांगितली. बाकीच्या आठवून सांगते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा फोन, पुन्हा एक खिडकी. पुढेपुढे तर मी साडेनऊपासूनच वेणी घालून जिन्यात बसू लागले. दिवसभरात माझी चौकशी करणारा तेवढाच एक आवाज. बाकी मुगाची खिचडी, उसाचा रस आणि डोक्यावरचा पंखा. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. पण तसं कोणाला सांगायची लाज वाटे, म्हणून खिडक्या पुरवून पुरवून वापरत होते.

अकरावी सांगून झाली आणि तोंडातून निघून गेलं, "एक और है. जीने के नीचे. कल बताती हूँ."

दुसऱ्या दिवशी माझ्याच खोलीची खिडकी टेपने मोजली आणि ते माप सांगितलं. मालक म्हणाले, "ठीक है, लिख लिया. अब आराम कीजिए." त्यानंतर फोन आला नाही.

पायांत जोर आल्यावर दुकानात गेले ते धास्तावूनच. नसलेल्या खिडकीचा पडदा शिवला गेला असणार. मालक बाहेर गेले होते. मास्टरना विचारलं, "त्या बाराव्या खिडकीचं काय झालं?"

"कोणती बारावी? तुम्ही एकच माप सांगितलं ना, त्याच दुपारी मी टेप घेऊन गेलो. अकराच खिडक्या तिथं. त्याच हप्त्यात पडदे लागले."

"मग मालक रोज फोन काहून करत होते?"

मास्टरनी मशीनवरून मान वर केली नाही. "मालक म्हणे, एकटी आहे बिचारी. सांगू द्या तिले."

म्हणजे तीन आठवडे दुकान माझ्याशिवाय बिनबोभाट चाललं होतं. मालकांचं मन चांगलं होतं आणि नेमका त्याचाच मला राग आला. मला कोणाची माया नको होती. माझ्यावाचून काहीतरी अडलेलं हवं होतं. मालक आले, त्यांनी नव्या घराचा पत्ता दिला, आणि मी टेप उचलून मोजायला गेले.

संध्याकाळी पीसीओवरून आईला फोन लावला आणि कावीळ झाल्याचं सांगितलं. ती रडली, भरपूर रागावली. मग म्हणाली, "अन दुकान? तुह्याबिगर कसं चाललं?"

"चाललं," मी म्हटलं.

"मग तू तिथं काहून राहून राहिली, बाई?"

मागे लोक ताटकळलेत, असं सांगून मी फोन ठेवला. मागे कोणीच नव्हतं.